आग लागण्याआधीची बैठक

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबरात एकदा पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. पुढे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने मृतांची मोजदाद केली. ९०० माणसे गेली होती. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ अन्य धर्मांचे आणि ४५ असे, की ज्यांची ओळखही पटली नाही.

मुंबईपासून साधारण पन्नास किलोमीटरवर भिवंडी आहे. महाराष्ट्रात कुठेही तणाव वाढला की पहिला बंदोबस्त जिथे पाठवायचा, ते हे गाव. त्या दोन महिन्यांत तिथे दंगल झाली नाही.

ज्यांनी त्याआधीची भिवंडी पाहिली होती त्यांचा या बातमीवर विश्वास बसणे अवघड होते. मुंबईत का पेटले, यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिणे गरजेचेच होते. भिवंडीत का पेटले नाही, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. आज जातीजातींत, धर्माधर्मांत आणि एकाच घरातल्या दोन पक्षांच्या मतदारांत बोलणे तुटत चालले असताना तो प्रश्न पुन्हा विचारायला हवा. कारण त्याचे उत्तर संतांच्या शिकवणुकीत किंवा माणसांच्या चांगुलपणात सापडत नाही. ते सापडते एका साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्थेत: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसाने बोलावलेल्या बैठकीत.

पोट एक, मने दोन

भिवंडीत शिरले की आधी आवाज येतो. गल्लोगल्लीच्या कारखान्यांतून यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालू असते. धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, निजामपुरा, शांतीनगर, पद्मानगर, कामतघर ही नावे वाचली तरी इथे कोण कोण येऊन वसले असेल याचा अंदाज येतो. खाडीकाठच्या व्यापारामुळे जुने झालेले कोकणी मुसलमान, एकोणिसाव्या शतकापासून उत्तर प्रदेशातून येत राहिलेले मोमीन अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सभोवतालच्या गावांतले आगरी आणि कोळी, सुताचा नि कापडाचा व्यापार सांभाळणारे गुजराती-मारवाडी. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले काम इकडे सरकले आणि मागांची संख्या झपाट्याने वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली होती.

या गावात कापडाचा एक तागा तयार व्हायला अनेक समाजांचे हात लागतात. सूत एकाचे, सुताला खळ देण्याचे काम (सायझिंग) दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचा, त्यावर उभा राहणारा कामगार चौथ्या मुलखातला, आणि मागावरून उतरलेले कोरे (ग्रे) कापड विकत घेणारा पाचवा. व्यवहार एकमेकांत गुंतलेले असले की माणसे आपोआप जवळ येतात, असे आपण गृहीत धरतो. भिवंडीने हे गृहीतक दोनदा खोटे ठरवले.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल सुरू झाली. तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगलीच्या अभ्यासात या आयोगाचा अहवाल आजही महत्त्वाचा मानला जातो. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोर वाजणारी वाद्ये, गुलाल, घोषणा यांवरून वर्षामागून वर्ष ताण कसा साठत गेला, हे त्यात तपशिलाने आले आहे. पोलिसांच्या पक्षपातावरही आयोगाने स्पष्ट बोट ठेवले. त्यानंतर १४ वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी मुंबई आणि ठाणेही होरपळले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली.

म्हणजे पोट एक असूनही मने दोनच राहिली होती. सूत विकणारा आणि माग चालवणारा रोज भेटत होते, पण बोलणे भावापुरते आणि उधारीपुरते होते. मिरवणूक आपल्या दारावरून जाते तेव्हा आपल्या मनात काय होते, हे एकाने दुसऱ्याला कधी सांगितले नव्हते. आपल्या सणाच्या दिवशी रस्ता अडवला जातो तेव्हा आपल्याला काय वाटते, हे दुसऱ्याने पहिल्याला कधी सांगितले नव्हते. हे दोन्ही सांगायला जागाच नव्हती.

प्रतिष्ठितांची समिती

तसे म्हटले तर समिती होती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात शांतता समिती असते. गणपती, मोहरम, ईद, शिवजयंती, आंबेडकर जयंती तोंडावर आली की निरोप जातात. नगरसेवक, माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, दोनचार व्यापारी जमतात. सर्व धर्म समान असल्याची भाषणे होतात, चहा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो.

या समितीत बसणाऱ्यांत चांगली माणसे नसतात असे नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली वेळेची. सण दारात आल्यावर किंवा दगड पडल्यावर बोलावलेल्या बैठकीत कोणी कोणाचे ऐकायला आलेला नसतो. प्रत्येक जण आपल्या समाजाचा वकील होऊन आलेला असतो. दुसरी अडचण माणसांची. समाजाचा नेता म्हणून ज्याला बोलावले, त्याचे नेतेपण बऱ्याचदा तणावावरच टिकलेले असते. दोन्हीकडचे लोक आपापसांत मिटवू लागले तर त्याच्या दाराशी कोण जाणार?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी ही रचना उलटी केली. शहराचे लहान लहान भाग पाडले आणि सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका समितीत पन्नासच्या आसपास माणसे, त्यांत हिंदू आणि मुसलमान शक्य तिथे सारखेच. भाषणे करणाऱ्यांपेक्षा त्या गल्लीत राहणारी, तिथेच दुकान चालवणारी, मागावर काम करणारी माणसे निवडण्यावर भर होता. प्रत्येक समितीची जबाबदारी त्या भागातल्या पोलिस कर्मचाऱ्याकडे दिली. मोठा साहेब भेट द्यायचा, पण समिती चालवणारा माणूस त्याच गल्लीत रोज दिसणारा हवा, हा त्यातला विचार होता.

विषय कोणते? पाण्याचा नळ, तुंबलेले गटार, दारासमोर लावलेली हातगाडी, पोरांची भांडणे, मुलींची छेड, सायकलला लागलेला धक्का, भाडेकरूचा वाद. राष्ट्रीय एकात्मता त्या यादीत नव्हती. दंगलीचे कागद नीट वाचले तर ठिणगी बहुतेक वेळा अशाच किरकोळ ठिकाणी पडलेली आढळते. नळावर एक बाई दुसरीला बोलते. त्यातली एक हिंदू आणि एक मुसलमान असते. तासाभरात ते भांडण दोन बायकांचे उरत नाही. मोहल्ला समितीने ते दोन बायकांचे भांडणच राहू दिले आणि ते तिथेच मिटवले.

या लहान कामांतून आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. माणसांना एकमेकांशी असहमत होण्याची सवय लागली. गटार कोणत्या बाजूने काढायचे यावर एका बैठकीत तावातावाने भांडलेली दोन माणसे पुढच्या बैठकीला पुन्हा शेजारी बसत होती. कधी एकाचे चालले, कधी दुसऱ्याचे. आपले म्हणणे पडले तरी आपला मान जात नाही, हा अनुभव माणसाला शंभर भाषणांतून मिळत नाही. असहमतीनंतर पुन्हा त्याच माणसासमोर बसावे लागले तरच तो मिळतो.

डिसेंबरातली कसोटी

१९९२ चा डिसेंबर आला तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या मोडू दिल्या नाहीत. सरकारी यंत्रणेत ही गोष्ट दुर्मीळ आहे. आधीच्या साहेबाची योजना नव्या साहेबाच्या काळात सहसा कपाटात जाते. इथे ती चालू राहिली, म्हणून कसोटीच्या दिवशी हाताशी होती.

दंगलीत सर्वांत वेगाने धावते ती अफवा. अमक्या मोहल्ल्यात मंदिर फोडले, तमक्या नाक्यावर पोरे कापली. अफवा खरी की खोटी हे तपासण्याचा एकच मार्ग असतो: त्या मोहल्ल्यात आपला ओळखीचा, विश्वासाचा माणूस असणे. मुंबईत त्या दिवसांत लाखो लोकांकडे असा माणूस नव्हता. भिवंडीत चार वर्षे एकत्र बसलेल्यांकडे होता. विचारायला जायचे कोणाकडे हे ठाऊक होते आणि सांगणारा आपल्याशी खोटे बोलणार नाही, हेही ठाऊक होते.

पोलिसांच्या बाबतीतही हेच झाले. गस्तीवरचा शिपाई नावाने ओळखीचा होता. त्यालाही कोणत्या गल्लीत कोण डोके भडकवू शकते आणि कोण शांत करू शकते, याची माहिती होती. अमेरिकेतले भारतीय राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरच्या २००२ च्या ग्रंथात अनेक भारतीय शहरांची तुलना केली. जिथे दोन्ही समाजांची माणसे संघटना, व्यवसाय, समित्या यांत एकत्र गुंतलेली असतात, तिथे दंगलीला वाट मिळणे कठीण जाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नुसता शेजार पुरत नाही, संघटित संबंध लागतात. भिवंडीच्या या प्रयोगाची त्यांनी दखल घेतली आहे.

मुंबईने काय उचलले

मुंबईत राख निवण्याआधीच काही माणसे कामाला लागली. सुशोभा बर्वे यांनी दंगलग्रस्त वस्त्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, बसायला सुरुवात केली. दोन्हीकडच्या बायका एकमेकींसमोर आल्या तेव्हा पहिल्यांदा समेट झाला नाही, आरोप झाले. माझा मुलगा, माझे घर, तुमची माणसे. त्यांनी ते थांबवले नाही. दुःख आधी पुरते बोलले जावे लागते, मगच समोरच्याचे दुःख कानात शिरते. हे काम किती सावकाश चालते, हे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

पोलिस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलिस आणि मुसलमान वस्त्या यांच्यात तेव्हा जो अविश्वास होता, त्याला कारणे होती. ती झाकून काही होण्यासारखे नव्हते. म्हणून समित्यांच्या बैठकांत पोलिसांनाही ऐकून घ्यावे लागले. तरुण पोरांना बैठकीत आणणे कठीण, म्हणून क्रिकेटचे सामने सुरू झाले.

धारावीत हे काम दोन मित्रांच्या नावाने ओळखले गेले: भाऊ कोरडे आणि वकार खान. एक मराठी, एक उत्तर प्रदेशातून आलेला. निरनिराळ्या धर्मांच्या वेशातली चार मुले शेजारी शेजारी उभी असलेले त्यांचे भित्तिपत्रक धारावीबाहेरही पोहोचले. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये या दोघांवर ‘नाता’ हा माहितीपट केला. तो पाहताना एक गोष्ट लक्षात राहते. या दोघांनी लोकांना उपदेश केला नाही, लोकांबरोबर वेळ घालवला. धारावीसारख्या वस्तीत, जिथे पोट भरण्यातच दिवस जातो, तिथे वेळ देणे ही मोठी किंमत आहे.

बोलणे आणि न्याय

इथे एक आक्षेप येतो आणि तो बाजूला सारता येत नाही. ज्याचे घर जळाले, ज्याचा भाऊ मारला गेला, त्याला संवादाला बोलावणे म्हणजे त्याला गप्प बसवणे तर नव्हे? श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, ३१ पोलिसांच्या वर्तनावर ठपका ठेवला आणि कारवाई सुचवली. त्यातली फार थोडी प्रत्यक्षात आली. ज्यांना न्याय मिळाला नाही त्यांना सलोख्याच्या बैठकीत चहा पाजणे, हे पाहून कोणालाही चीड यावी.

ही चीड रास्त आहे. न्यायाला पर्याय म्हणून जो संवाद पुढे केला जातो तो मी संवाद मानत नाही. आदराने बोलायचे याचा अर्थ मवाळ बोलायचे असा नाही. समोरच्या माणसाला पुरे सत्य ऐकण्याइतका मोठा मानणे, हा आदर आहे. जी बैठक अन्याय उच्चारू देत नाही, तिथे बलवानाची सोय होते आणि दुबळ्याला फक्त सौजन्य पाळावे लागते.

मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. न्यायालयाचा निकाल आला तरी माणसांना त्याच गल्लीत, त्याच नळावर राहायचे असते. साक्षीदार पुढे येतो तोही शेजाऱ्यांवर थोडा भरवसा असला तरच. न्याय आणि संवाद एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही लागतात, आणि एकाचा बहाणा करून दुसरा टाळता येत नाही.

समित्यांवर दुसराही आक्षेप घेतला गेला. पोलिसांनी चालवलेली समिती म्हणजे खबऱ्यांचे जाळे होऊ शकते. धोका खरा आहे. तो टळतो केव्हा, तर बैठकीत पोलिसालाही जाब विचारता येतो तेव्हा. नळाची तक्रार करता येते आणि लाठीची करता येत नाही, अशी समिती लोक लवकरच ओळखतात आणि यायचे थांबतात.

२००६ : तेच गाव, दुसरी गोष्ट

५ जुलै २००६. भिवंडीत कबरस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाण्याची इमारत बांधण्यावरून वाद चिघळला. जमाव, दगड, गोळीबार. गोळीबारात दोन माणसे गेली आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिस शिपायांना ठार मारले.

हा संघर्ष हिंदू-मुसलमानांचा नव्हता. तो लोक आणि पोलिस यांच्यातला होता. ज्या गावात पोलिस शिपाई मोहल्ल्याची बैठक बोलावत होता, त्याच गावात चौदा वर्षांनी शिपायांचा जीव गेला. समित्यांचा जुना दिनक्रम तोवर विस्कटला होता. जागा एका बाजूला कायदेशीर वाटत होती, दुसऱ्या बाजूला ते श्रद्धेचे ठिकाण होते. असा प्रश्न एका संध्याकाळी सुटत नाही. तो महिनोन्महिने बसून सोडवावा लागतो आणि त्यासाठी बसायची सवय आधीपासून असावी लागते.

काही जण या घटनेवरून प्रयोगच फसला असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. चालू होते तोवर त्याने गाव वाचवले, थांबले तेव्हा गाव उघडे पडले. यातून दिसते ते एवढेच, की सलोखा एकदा कमावून ठेवता येत नाही. विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागतो, तसे हे काम आहे.

भिवंडीतल्या त्या रात्रीनंतर सहाच दिवसांनी, ११ जुलै २००६ रोजी, मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ओळीने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतली माणसे चादरी घेऊन जखमींना उचलायला धावली. शहरात दंगल उसळली नाही. त्याचे श्रेय एकट्या मोहल्ला समित्यांना देणे अतिशयोक्ती होईल. पण १९९३ पासून ज्यांनी गल्लोगल्ली बसून बोलणे चालू ठेवले, त्यांचा वाटा त्यात नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आता मोहल्ला कुठला?

आजची अडचण वेगळी आणि अधिक अवघड आहे. मोहल्ला समितीला आधी मिश्र मोहल्ला लागतो. १९९२-९३ नंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. इतर वस्त्यांतही एकेका समाजाची घरे कमी होत गेली. आज घर विकताना आणि भाड्याने देताना जात, धर्म, खाणे विचारले जाते. ज्यांची मुले एका शाळेत नाहीत, ज्यांची घरे एका जिन्यावर नाहीत, त्यांचे नळावर भांडणही होत नाही. वरवर ही शांतता वाटते. पण ज्याच्याशी कधी भांडलो नाही, त्याच्याविषयी काहीही खरे वाटू शकते. मोबाइलवर आलेली चित्रफीत पडताळायला त्या वस्तीत आपला माणूस उरलेला नसतो.

हे धर्मापुरते नाही. मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात, विशेषतः २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास, मराठवाड्यातल्या काही गावांत दुकान आणि हॉटेलही जात पाहून निवडले जात असल्याच्या बातम्या आल्या. ज्या गावांनी पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या लग्नांत पाणी वाढले, तिथे हे घडले. आरक्षणाचा प्रश्न गंभीर आहे, दोन्हीकडच्या तरुणांची नोकरीची आणि शिक्षणाची चिंता खरी आहे. म्हणूनच तो प्रश्न एकमेकांसमोर बसून मांडायला गावात जागा हवी होती. सभा होत्या, पण त्या आपापल्या होत्या.

महाराष्ट्राने जागा तयार करण्याचे प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली. गावच्या समितीने गावचे तंटे मिटवावेत, ही कल्पना चांगली होती आणि असंख्य बांधाचे, भाऊबंदकीचे वाद तिथे मिटले. पण मिटलेल्या तंट्यांचा आकडा आणि मिळणारे बक्षीस यांना महत्त्व आले की समितीचे लक्ष बोलण्यावरून निकालावर जाते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने यातून बाहेर पडण्याची वाट दाखवली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या: अभ्यासगट आणि ग्रामसभा. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे, पण तिथे काही ठरवायचे नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी होते. ही लढाई सरकारशी होती आणि ती जिंकता आली, कारण गाव आतून फुटलेले नव्हते. आपल्या बहुतेक सभांत ऐकणे आणि ठरवणे एकाच तासात उरकले जाते. मतदान तोंडावर असले की समोरच्याचे म्हणणे समजून घेणे माणसाला परवडत नाही.

भिवंडी, धारावी, मेंढा या तीन ठिकाणांत जात, धर्म, भूगोल सगळे वेगळे आहे. तरी त्यांनी केलेल्या गोष्टी सारख्या आहेत. बैठक पुढच्या संकटाआधी सुरू झाली. विषय हाताशी येतील एवढे लहान होते. नेत्यांपेक्षा राहणाऱ्यांना बोलावले गेले. कडू बोलायला मुभा होती. पुढची तारीख ठरलेली होती. आणि ती बैठक बोलावणे हे कोणातरी एका माणसाचे नेमून दिलेले काम होते.

शेवटची गोष्ट सर्वांत कमी आकर्षक आहे, म्हणून सर्वांत आधी सुटते. सलोख्याची भाषणे करायला आपल्याकडे माणसे कमी नाहीत. कमी आहे ती दर पंधरवड्याला निरोप धाडणारी, सतरंजी अंथरणारी, मागच्या वेळी रागावून उठून गेलेल्याच्या घरी जाऊन त्याला परत आणणारी माणसे. गृहनिर्माण संस्थेचा सचिव, गणेश मंडळाचा कार्यकर्ता, शाळेच्या पालक समितीतली बाई, बीटवरचा हवालदार, ग्रामसेवक, यांच्यापैकी कोणीही ते होऊ शकते. हे काम सरकारी यंत्रणेने कर्तव्य म्हणून नेमून द्यावे आणि त्याची नोंद घ्यावी. त्यासाठी लागणारा वेळ कामाचाच वेळ धरावा. आणि जिथे सरकार करत नाही तिथे आपण करावे. सुरुवात अशा घरापासून करावी, की ज्याच्याशी आपले मत जुळत नाही पण ज्याचे गटार आणि आपले गटार एकच आहे. पहिल्या बैठकीत चार माणसे येतील. चार पुरेत, अट इतकीच, की चारही आपल्याच मताची नसावीत.